इंदूआक्का आणि मऊ भिंतीची सिरिंज

इंदूआक्का गेली तेव्हा वडगावात तिच्या जुन्या घराजवळ शोकसभा झाली. बोलायला उठलेल्या प्रत्येकानं सांगितलं, की बाई फार शांत, फार नम्र, कुणाला म्हणून दुखवायच्या नाहीत. मी तिसऱ्या रांगेत बसून होतो. मला कुणी बोलायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिलं वाक्य हेच म्हटलं असतं, की तुम्ही भलत्याच बाईविषयी बोलताय. इंदूआक्का शांत नव्हती. नम्र तर मुळीच नव्हती. आणि दुखवायचं म्हणाल, तर तिनं मला जिथं दुखवलं ती जागा अजून हुळहुळते. सभेत राहून गेलं ते इथं लिहितो.

आधी माझं थोडं सांगतो, कारण त्याशिवाय आमचं भांडण कळायचं नाही. माझा उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचा कारखाना आहे. निपाणीजवळच्या खेड्यातून आलो तेव्हा फुटक्या बादल्या आणि मोडक्या खुर्च्या गोळा करून विकत होतो. मग ते भंगार वितळवून त्याचा दाणा करायला लागलो, मग दाण्याच्या बादल्या, मग डबे. शाळा अर्धवट. भाव करणं हेच माझं शिक्षण आणि त्याचे धडे दोनच: समोरच्या मालातला दोष सोडायचा नाही, आणि आपल्या मालातला दाखवायचा नाही. या दोन धड्यांवर मी चार भिंती आणि वर पत्रा उभा केला. कुणाच्या बापाचं देणं लागत नाही.

इंदूआक्का मला पहिल्यांदा दिसली ती खडेबाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात. मी माल द्यायला गेलो होतो. काऊंटरपाशी एक ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा लावलेली बाई शाळेच्या डब्याचं झाकण उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. दुकानदार वैतागला.

"ओ बाई, डबा घ्यायचाय का मोडायचाय?"

"मोडतोय का बघून घ्यायचाय," ती म्हणाली आणि तेवढ्यात झाकण तिच्या हातात आलं. बिजागरीच्या जागी पांढरी रेघ पडून तुकडा निघाला होता. ती रेघ तिनं उजेडात धरली. "कुठल्या शहाण्यानं केलाय रं ह्यो?"

दुकानदारानं नुसतं माझ्याकडं बघितलं.

"मी केलाय," मी म्हणालो. "मग? डबा दिवसातून दोनदा उघडायचा असतोय. तुम्ही वर्षाचं उघडणं एका दिवसात उरकलासा."

"पोराचा डबा वर्षभर टिकायला नको?"

"मग तुम्ही करून दाखवा!" मी ओरडलो. मला राग लवकर येतो.

"दाखवते की. पत्ता सांगा. उद्या येते."

आणि ती आली. हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी. वडगावच्या विणकराच्या घरातली मुलगी. ज्या काळात आमच्याकडं मुली मशीनच्या वाटेला जात नसत त्या काळात ती इंजिनिअर झाली, पुण्याला सलाईनच्या नळ्या आणि सिरिंज करणाऱ्या कंपनीत साचे काढण्यात नोकरी केली, आणि निवृत्त होऊन आईला बघायला परत आली. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "मापात बसणारा मिळाला न्हाय. ढिला चालत न्हाय मला."

तिनं डब्याची बिजागरी सुधारून दिली. मग मी तिला कारखान्यात कायमचं यायला सांगितलं आणि सवयीनं तिनं मागितलेल्या पगारात घासाघीस सुरू केली. मी खाली उतरलो की ती वर चढायची. पुन्हा मी खाली, पुन्हा ती वर.

"आक्का, भाव उलटा कसा चालायलाय?"

"तुमच्यासंगट बोलण्यात वेळ जातोय, बाळाप्पा. त्येचे वाढायलेत."

शेवटी तिनं पहिल्यांदा मागितलेला आकडा मी घाईघाईनं कबूल केला. आयुष्यात मी केलेला हा एकच असा सौदा.

तिच्या हातात काहीही द्या, ती ते वाकवायची. दुधाची पिशवी, पेनाचं टोपण, बसचं तिकीट, माझ्या टेबलावरची पट्टी. "वाकवल्याबिगर वस्तू बोलत न्हाय," हे तिचं नेहमीचं. मोडलेले पीस ती फेकू द्यायची नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि त्यांच्याविषयी माणसांसारखं बोलायची. "ह्यो मानेत मेला. ह्यो बुडात मेला. ह्येला तुम्ही मारलासा, गरम असताना काढून." मशीनशी कानडीत भांडायची, माणसांशी मराठीत. चहा बशीत ओतून प्यायची आणि पिताना कुणी कामाचं बोललं तर बशी ठेवून द्यायची, म्हणजे चहा थंड झाल्याचा दोष बोलणाऱ्यावर.

सिरिंजचं काम तिनंच आणलं. सीटी स्कॅन काढताना माणसाच्या शिरेत एक औषध सोडतात, म्हणजे आतल्या रक्तवाहिन्या चित्रात स्पष्ट दिसतात. ते हातानं सोडून भागत नाही. ठरलेल्या वेगानं आणि जोरानं जावं लागतं, म्हणून यंत्र सोडतं. त्या यंत्राला मोठी सिरिंज लागते. अशी यंत्रं करणारी बेंगळूरूची एक कंपनी तिच्या पुण्याच्या ओळखीची होती. त्यांना नव्या तऱ्हेची, मऊ भिंतीची सिरिंज हवी होती.

"आपण डबे करतो, आक्का," मी म्हणालो.

"डब्याची बिजागरी मोडती का आता?"

"न्हाय."

"मग झालं तर. मोजा काढा."

"काय?"

"पायातला मोजा काढा, बाळाप्पा. दाखवते."

माझ्या केबिनमध्ये, काचेतून सगळे कामगार बघत असताना, मी बूट सोडून मोजा काढला. तिनं मोज्याचं तोंड मला दोन्ही हातांनी धरायला लावलं आणि बोटांच्या बाजूनं आपली मूठ आत ढकलली. मोजा स्वतःच्याच पोटात शिरत गेला. "ही सिरिंज," ती म्हणाली. "नेहमीच्या सिरिंजला नळी कडक असते आणि आत रबराचा दट्ट्या घासत जातो. हिला दट्ट्याच न्हाय. हिचं बूड कडक, भिंत मऊ. यंत्राचा दांडा बुडाला ढकलणार, भिंत आत वळत जाणार, औषध तोंडातनं बाहेर. घासणं न्हाय, गळणं न्हाय. भिंत फुगू नये म्हणून यंत्राचीच कडक काचेसारखी नळी बाहेरनं बसती. आता घाला मोजा. वास मारायलाय."

ऐकायला सोपं. करायला दोन वर्षं खाल्ली तिनं माझी. भिंत जाड झाली तर वळायची नाही. पातळ झाली तर चुरगळायची. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ झाली, तर वळताना तिरकी जायची आणि बूड आत अडकायचं. प्रत्येक वेळी साचा खोलायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. आणि या सगळ्यांहून तिला भीती एकाच गोष्टीची: हवा. औषधाबरोबर हवेचा बुडबुडा शिरेत गेला तर माणसाचं काय होईल ते ती मला इतक्या वेळा सांगायची, की मला स्वतःच्या दंडात काहीतरी सरकल्यासारखं वाटायचं. निळं पाणी भरून ती प्रत्येक पीस खिडकीशी धरायची आणि सावकाश फिरवायची. एकदा मी चिडून असा एक पीस जमिनीवर आपटला.

ती वाकली, तिनं तो उचलला, फुंकर मारली. "ह्यो मालकाच्या हातनं मेला," ती म्हणाली आणि पत्र्याच्या डब्यात टाकला.

एवढं सगळं मी सहन का केलं? कारण मी तोवर बादल्यांची आणि डब्यांची मशीनं विकून टाकली होती. त्या जागेवर टोप्या घालून काम करायची स्वच्छ खोली बांधली होती. चालता धंदा बंद करून मी या एका सिरिंजवर बसलो होतो आणि माझ्याबरोबर माझी सगळी माणसं बसली होती. बेंगळूरूनं हो म्हटलं तर कारखाना, नाही म्हटलं तर पुन्हा भंगार.

बेंगळूरूला नमुने दाखवायचा दिवस ठरला. आक्का रेल्वेनं आधी पुढं गेली होती. नमुने घेऊन मी मागून गाडीनं जाणार होतो. पॅकिंग मालनकडं होतं. मालन शहापूरची, माहेर-सासर दोन्हीकडं साडीचे माग. तिच्या हातांइतके नीटस हात मी पाहिले नाहीत. मी तिला एवढंच म्हणालो, "मालन, लांब जायचंय. नीट बांध."

नीट म्हणजे काय, हे मालनच्या हातांना लहानपणापासून ठाऊक होतं. साडी मागावरून उतरली की घडी घालायची, घडीवर घडी रचायची, वर फळी ठेवून वजन ठेवायचं. घडी पक्की बसते, साडी दुकानात देखणी दिसते. तिनं प्रत्येक सिरिंज निम्मी आत वळवली, तळहातानं दाबून चपटी केली, चळत लावली आणि रात्रभर फळीखाली ठेवली. सकाळी बघतो तर खोकी निम्मी झाली होती. मी खूश झालो. उन्हाळ्याचे दिवस. गाडी तापत तापत बेंगळूरूला पोचली.

तिथं आक्कानं खोकं उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. "हे कुणी दडपलं?" ती हळू म्हणाली. मी काही सांगायच्या आत कंपनीचे साहेब आले.

सिरिंज यंत्रावर चढवली. दांड्यानं बूड मागं ओढलं, भिंत उलगडली, निळं पाणी भरलं. तोंड वर करून हवा काढली. मग दांडा पुढं सुरू झाला. भिंत वळत गेली, पाणी ठरलेल्या वेगानं बाहेर आलं, पडद्यावरची रेघ सरळ गेली. दोन-तीन पीस तसेच झाले. साहेबांनी मान डोलावली, "चेन्नागिदे," म्हणाले, छान आहे म्हणून, आणि खिशातून पेन काढलं. पुढच्या पिसात पाणी भरून हवा काढून झाली होती, तो यंत्रावर तसाच होता. मी मनातल्या मनात भावाला बसलो होतो. कितीवर सुरुवात करायची, कितीवर थांबायचं.

"थांबा, साहेब," आक्का म्हणाली.

तिनं तो भरलेला पीस यंत्रावरून उतरवला, खिडकीशी नेला आणि सावकाश फिरवला. मालनच्या घडीची पांढरी रेघ भिंतीवर गोल उमटली होती आणि त्या रेघेच्या खाचेत मोहरीएवढा एक बुडबुडा बसला होता. कुणाला दिसला नव्हता. तिनं बोट ठेवून दाखवल्यावरही मला दिसायला वेळ लागला. ती कानडीत बोलली, पण मला शब्दन् शब्द कळला. "तोंड वर करून हवा काढली तरी ही निघाली नाही. भिंत वळत या रेघेपाशी आली की ही सुटणार. आधीच्या पिसांत नव्हती, हे नशीब. डिझाइन माझं आहे. आज ते पास करण्यासारखं नाही."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. "तयार झालं की या," म्हणाले. चहासुद्धा विचारला नाही.

परतीच्या वाटेवर चित्रदुर्ग मागं पडेपर्यंत मी नुसती गाडी हाकली. मग हावेरीच्या अलीकडं एका टपरीवर गाडी थांबवली आणि फुटलो.

"कानात सांगायचं हुतं, आक्का! बाहेर बोलवायचं, कानात सांगायचं. दोन दिवस मागून घेतले असते मी. दुसरे पीस आणले असते. भरल्या बाजारात आपल्या मालाला आपणच नावं ठेवतंय का कोण?"

"कानात सांगितलं असतं तर तुम्ही मला गप बसवला असता."

"मी? मी तुम्हाला?"

"व्हय. आणि मी गप बसलेबी असते." तिनं बशी खाली ठेवली. "तुम्ही मशीनं विकलासा ते मला ठाऊक हाय. मालनच्या दोन पोरी शिकायलेत ते ठाऊक हाय. तुम्ही कानात एकदा 'आक्का, माणसं हायत' म्हटला असता तर माझी जीभ उचलली नसती. म्हणून मोठ्यानं सांगितलं. एकदा मोठ्यानं बोलल्यावर परत गिळता येत न्हाय."

"मी न्हाय बसवला असता गप."

"बसवला असता."

टपरीवाला आमच्याकडं बघत राहिला. मी चहा न पिताच उठलो. मी तिला गप्प बसवलं असतं की नसतं, हे तिनं परस्पर ठरवायला नको होतं. माझी तक्रार आहे ती ही. अजून आहे.

दुसऱ्या दिवशी ती सरळ पॅकिंगच्या टेबलाशी गेली. मालनला कळलं होतं. ती कंबर कसून उभी होती.

"साडी दडपल्यागत दडपलीस व्हय गं?"

"मग? नीट बांध म्हणाले आण्णा. आमच्यात नीट म्हंजे असंच," मालन म्हणाली. "तुम्हीबी वडगावच्याच न्हवं? तुमच्या घरात वेगळं बांधत्यात?"

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. पण टेबलावरची एक चपटी सिरिंज तिनं उचलली, रेघेवर वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली. "वेगळं बांधत्यात," ती म्हणाली. "विकायची साडी दडपतात, ती आठ दिवसांत जाती. ठेवणीतली दडपत न्हायत. माझी आई ठेवणीतली साडी लाकडी नळीवर गुंडाळायची. घडी पडली की जरीची तार तिथंच तुटती म्हणून. आणि मी पुण्यात इतकी वर्षं साचे काढून हीच गोष्ट विसरले." मग एकदम मालनवर खेकसली, "आणि तू! तुला तरी आठवायला नको?"

"आता आठवलं की," मालन म्हणाली. सगळी खोली हसली. आक्का सोडून.

त्यानंतर तिनं बूडच बदललं. सपाट बुडाची कड काढून तिथं नळीसारखी गोल कड दिली, म्हणजे भिंत त्या गोलाईवरून वळेल, धारेवर मुडपणार नाही. सिरिंज साच्यातूनच थोडी वळलेली निघायला लागली. तशीच निम्मी वळवून, आतून गोल आधार देऊन बांधायची, दाबायची नाही. रेघ गेली, खाच गेली, हवेला बसायला जागा उरली नाही. आणि खोकी मालनच्या खोक्यांइतकीच लहान राहिली. आक्का म्हणायची, आधी आपण उघडी सिरिंज करून मग बांधायचा विचार करत होतो. आता वस्तू साच्यात असतानाच प्रवासाला निघालेली असते.

काम परत मिळालं. पण तोवर बेंगळूरूनं निम्मं काम दुसऱ्या कुणाला देऊन टाकलं होतं. ते निम्मं त्या "थांबा" मुळं गेलं, असं मी मानतो. आक्का मानायची नाही. ती म्हणायची, जे निम्मं मिळालं ते त्याच्यामुळं मिळालं. कारखाना उभा राहिला, वाढला. आता निम्म्याचं मला काही वाटू नये एवढं बरं चाललंय. तरी वाटतं. आमच्यात हे भांडण कधी संपलं नाही. चहाला बसलो, की कुठून तरी विषय निघायचा.

"बसवला असता."

"न्हाय बसवला असता."

"सोडा, बाळाप्पा."

"का सोडू?"

आई गेली, मग आक्काचे गुडघे गेले. भाच्यानं पुण्याला यायचा आग्रह धरला आणि ती एकदाची तयार झाली. शेवटच्या दिवशी कारखान्यात आम्ही तिला नारळ आणि शहापूरची साडी दिली. मालननं साडी नळीवर गुंडाळून आणली होती, पण आक्कानं ती सगळी उलगडून आधी काठाचं विणकाम तपासलं. एक सुटलेला धागा काढून दाखवला. भाषण करू दिलं नाही. "रिक्षा उभी हाय," म्हणाली, आणि छत्री टेकत फाटकाकडं निघाली. मी दोन पावलं मागून गेलो, तर हात हलवून म्हणाली, "तुमचं काम बघा. आत माणूस बसलाय."

बसला होता खरा. त्याच दिवशी बेंगळूरूहून एक तपासणारे साहेब आले होते. मोठा लॉट जायचा होता. मी आत गेलो तेव्हा ते घड्याळ बघत एकेक पीस यंत्रावर चालवून पसंत झालेल्या ट्रेमध्ये ठेवत होते. मी टेबलाच्या या बाजूला उभा राहिलो. त्यांनी एक पीस उतरवला, ठेवला आणि पुढचा घेतला. ठेवलेल्या पिसाची भिंत वळताना किंचित एका बाजूला गेली होती. एक बाजू जाड, एक बारीक. इतकं थोडं, की दोन वर्षं ते बघत काढलेल्या माणसालाच दिसावं. साच्याची एक बाजू तापत असणार. म्हणजे हा एकच पीस नाही. हा सगळा लॉट.

साहेबांना दिसलं नव्हतं. माझ्या मागं कुणी उभं नव्हतं. त्यांनी रबरी शिक्का हातात घेतला.

"थांबा, साहेब!"

मी हे जरुरीपेक्षा फार मोठ्यानं म्हणालो. साहेब दचकले. पॅकिंगच्या खोलीतून मालन डोकावली. मला फाटकापर्यंत आवाज जायला हवा होता. मी तो पीस उचलला आणि खिडकीशी नेला, आणि पीस बघायच्या आधी बाहेर बघितलं.

आक्का रिक्षात बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर साडी. ड्रायव्हरशी कानडीत भांडत होती. कुठल्या रस्त्यानं न्यायचं ते ती सांगत होती आणि तो दुसऱ्या रस्त्याकडं बोट करत होता. शेजारच्या फाउंड्रीचा पंखा घोंघावत होता. मी खिडकी उघडून हाक मारली, "आक्का! ओ आक्का!" तिचा हात हवेत खालीवर होत होता. मग ड्रायव्हरनं मान हलवली, म्हणजे तोही हरला. रिक्षा सुरू झाली आणि तिनं सांगितलेल्या बाजूला वळली.

"बोला, काय झालं?" साहेबांनी मागून विचारलं.

मी खिडकी लावून घेतली, पीस उजेडात धरला, आणि बारीक बाजू कुठं आहे ते त्यांना बोट ठेवून दाखवलं.